कान बंद, औषध नाकात

आमच्या घराण्यात नाकाच्या कुठल्याही तक्रारीला 'सायनस' म्हणतात. सकाळी उठल्याउठल्या सटासट शिंका आल्या की सायनस, नाक चोंदलं की सायनस, उदबत्तीच्या धुरानं डोळे चुरचुरले तरी सायनसच. आईला होता, मला आहे, धाकट्या बहिणीच्या मुलालाही लागलाय. लग्नकार्यात भेटलो की कोणाचं नाक कुठल्या बाजूनं बंद आहे याची आम्ही आपुलकीनं चौकशी करतो. थोडक्यात, नाक हे आमच्याकडे आजारात धरतच नाहीत. रुमाल जवळ ठेवायचा आणि कामाला लागायचं. या नाकाचा कानाशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुरुवात दिवाळीच्या साफसफाईपासून झाली. माळा काढला, जुन्या गाद्या झटकल्या, पुस्तकांचं कपाट रिकामं केलं. शिंका अपेक्षित होत्याच. पण या वेळी नाक चोंदलं ते चोंदलंच, आणि फराळाची गडबड सुरू असताना डाव्या कानाला दडा बसला. दडा बसतो तो सुटतोही, असा आजवरचा अनुभव. जांभई दिली, आवंढा गिळला, की 'टक्' होऊन कान मोकळा. हा काही सुटेना. दुखत नव्हतं, पण कान भरल्यासारखा जड वाटायचा आणि माझाच आवाज मला घागरीत तोंड घालून बोलावं तसा ऐकू यायचा. चिवडा खाताना तर डोक्यात नुसता कडकडाट. समोरचा काय म्हणतोय ते मात्र धड कळत नव्हतं.

मी पुण्यात एका पतसंस्थेत रोखपाल आहे. काचेच्या खिडकीपलीकडून लोक रक्कम सांगतात, तीही अर्धी तोंडातल्या तोंडात, कारण मागच्या माणसाला कळू नये असं प्रत्येकाला वाटत असतं. मराठी आकडे किती घातकी आहेत हे त्या दिवसांत कळलं. सत्तावीस आणि सदतीस, पंधरा आणि पन्नास, सत्त्याहत्तर आणि सत्त्याऐंशी. स्लिपवर लिहिलेलं असतं म्हणून बरं. पण पिग्मीचे एजंट तोंडी हिशेब सांगत येतात, त्यांना मी 'परत सांगा' म्हणून अगदी जेरीस आणलं. शेवटी खुर्ची थोडी फिरवून उजवा कान खिडकीकडे केला. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमना वाटलं, मी त्यांच्यावर रागावले आहे.

घरात उपायांना तोटा नव्हता. सासूबाईंनी लसणाची पाकळी टाकून तेल कोमट केलं आणि म्हणाल्या, "आडवी हो गं, चार थेंब घालते. लहानपणी ह्याच्या कानात असंच घालायचे." हे शेजारी उभे राहून मान डोलावत होते. तेलानं ऊब छान वाटली, दडा तसाच. ओव्याची पुरचुंडी शेकून झाली. वाफ घेतली की नाक घटकाभर मोकळं व्हायचं, कान नाही. मग औषधाच्या दुकानातून कानात टाकायचे मळ सुटण्याचे थेंब आणले. दुकानदारानं सोबत सर्दीची गोळीही दिली. ती खाऊन दुपारी नोटा मोजताना अशी पेंग यायला लागली की मोजणीयंत्र नसतं तर माझं काही खरं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि खरी लग्नं सुरू झाली. डोंबिवलीला मावसभावाचं लग्न होतं. बसनं लोणावळा सोडलं आणि घाट उतरायला लागल्यावर डाव्या कानात कळ आली. आत कोणीतरी पडदा चिमटीत धरून ओढतंय अशी. खोपोली येईस्तोवर डोळ्यांतून पाणी आलं. चढताना एवढा त्रास झाला नव्हता आणि उतरतानाच का, हे तेव्हा कोडं वाटलं. लग्नात बँडवाल्यांकडे डावा कान करून मी निवांत उभी होते, तेवढाच फायदा. परतल्यावर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नंबर लावला.

डॉक्टर बाई होत्या, फार बोलणाऱ्या नव्हत्या. पहिला प्रश्न कानाचा नव्हताच. "शिंका येतात? सकाळी जास्त? नाक खाजतं? टाळूला खाज येते?" टाळूला खाज येते आणि मी ती जिभेनं खाजवते, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून हो म्हटलं.

मग ट्यूनिंग फोर्क काढला. लहानपणी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला होता तसाच, दोन दांड्यांचा. कोपरावर आपटून त्याचं बूड माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. "आवाज कुठल्या बाजूला येतोय?" मला तो डावीकडे आला, म्हणजे ज्या कानानं ऐकू येत नाही त्याच कानात. चूक तर सांगत नाही ना, म्हणून मी परत लावायला सांगितलं. पुन्हा डावीकडेच. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "चांगली खूण आहे ही." आतली नस बिघडली असती तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता. दुखऱ्या कानाकडे आला याचा अर्थ नस ठीक आहे, बाहेरून येणारा आवाज तिथवर पोचण्यात अडथळा आहे. कवटीच्या हाडातून गेलेला आवाज तो अडथळा टाळून थेट आत पोचतो, आणि बाहेरचा गोंगाट त्या कानात कमी असल्यामुळे उलट जास्तच जाणवतो. माझा स्वतःचा आवाज आणि चिवड्याचा कडकडाट डोक्यात का घुमत होता, तेही यातच आलं.

कानात कॅमेऱ्याची नळी घालून त्यांनी पडदे स्क्रीनवर दाखवले. आधी उजवा: करडा, मोत्यासारखी झाक असलेला, एका कोपऱ्यात उजेडाचा चमकता त्रिकोण. मग डावा. तो मधाच्या रंगाचा होता, आत खेचला गेलेला, इतका की पडद्याला चिकटलेल्या हातोडीच्या हाडाचा दांडा वर उठून दिसत होता. चमकता त्रिकोण नाहीच. पडद्यामागे केसाएवढी बारीक आडवी रेघ आणि तिच्यावर दोन-तीन बुडबुडे. "हे पाणी," डॉक्टर म्हणाल्या. "मळ कुठाय?" मी विचारलं. मळ नव्हताच. कान स्वच्छ होता, थोडा तेलकट.

म्हणजे तेल, ओवा, थेंब हे सगळं पडद्याच्या अलीकडे चाललं होतं आणि दुखणं पलीकडे होतं. धडधाकट पडद्यातून थेंबसुद्धा आत जात नाही. मधल्या कानाला, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीला, बाहेरून वाटच नाही. त्याची वाट आहे ती नाकाच्या मागून, आणि ती मला पुढच्या दहा मिनिटांत डोळ्यांनी दिसली.

नाकात झायलोकेनचा फवारा मारला, तो घशात उतरून घसा कडू आणि बधिर झाला. मग बारीक दुर्बीण नाकातून आत. दुखलं नाही, पण नाकाच्या आत एवढी जागा असते हे कळणं फारसं सुखाचं नाही. स्क्रीनवर नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची वळकटी दिसली, फुगलेली, फिकट, निळसर. साध्या सर्दीत ती लाल असते, अ‍ॅलर्जीत बहुधा अशी फिकट दिसते, असं त्यांनी सांगितलं. नाकाचा मधला पडदा डावीकडे वाकलेला. याला आपल्याकडे 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात. त्या वळकटीच्या मागच्या टोकाला, जिथे नाक संपून घसा सुरू होतो तिथे, उजव्या बाजूला एक छोटी खाच होती. "आवंढा गिळा." मी गिळला आणि ती खाच क्षणभर उघडून मिटली. इतकी चपळ की मी पुन्हा गिळून पाहिलं. डाव्या बाजूची खाच मात्र सुजलेल्या कडांमध्ये बुजली होती, वर घट्ट शेंबडाची तार. गिळल्यावर कडा हलल्या, उघडल्या नाहीत.

ही युस्टेशियन नळी. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं तिचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. मोठ्या माणसात लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा, बाकीचा कूर्चेचा. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिला ओढून उघडतो. पडद्यामागच्या पोकळीत चमचाभरही हवा मावत नाही, आणि त्या पोकळीचं अस्तर ती हवा सारखी थोडी थोडी शोषून घेत असतं. प्रत्येक घोटाबरोबर नळीतून नवी हवा येते आणि दोन्हीकडचा दाब सारखा राहतो. नळी बुजली की जुनी हवा शोषली जाते, नवी येत नाही, दाब उतरतो, पडदा आत ओढला जातो. इतकं होऊनही नळी उघडली नाही तर अस्तरातून पाणी झिरपायला लागतं आणि पोकळी भरते. मग हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं त्या पाण्यात नीट हलत नाहीत. ऐकू कमी येतं ते म्हणून.

नाक आणि नळी यांचं अस्तर एकच आहे, सलग. धुळीतल्या एखाद्या गोष्टीशी शरीराचं वाकडं असलं, की अस्तरातल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि सूज येते. ती नाकापुरती थांबत नाही, नळीच्या तोंडापर्यंत जाते. शिंका काय, दिसतात. ही सूज दिसत नाही. घाटाचं कोडंही इथेच सुटलं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, खोपोली जवळजवळ तळाला. तेवढ्या उतारात बाहेरच्या हवेचा दाब ७ टक्क्यांच्या आसपास वाढतो. चढताना कानातली जादा हवा नळीच्या मिटलेल्या ओठांतून आपसूक बाहेर पडते. उतरताना बाहेरची हवा आत घ्यायला लागते, त्यासाठी नळी उघडावीच लागते, आणि सुजलेली नळी नेमकं तेच करत नाही. विमान उतरताना तान्ही मुलं रडतात, त्यातही बऱ्याचदा हेच असतं.

दुर्बीण बाहेर काढल्यावर डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली जी आधी मुद्दाम सांगितली नव्हती. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी झालं तर नाकाच्या मागची जागा पाहिल्याशिवाय सोडायचं नाही, कारण तिथे कर्करोगाची गाठ असली तरी पहिली खूण हीच असू शकते, एका बाजूचा बंद कान. असा कर्करोग आपल्याकडे एकंदरीत दुर्मीळ, नागालँड-मणिपूरकडे मात्र जास्त आढळतो. माझ्या नाकात तसलं काही नव्हतं. पण ओळखीतल्या पन्नाशीच्या दोघांना एका कानाचा दडा महिनोन्‌महिने आहे आणि ते 'सर्दीचंय' म्हणून बसलेत, त्यांना मी त्याच संध्याकाळी फोन केले. एक जण जाऊन आले. दुसरे अजून वाफ घेत आहेत.

शेजारच्या खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. काचेची, आवाज न शिरणारी पेटी, कानावर हेडफोन. तपासणारी मुलगी म्हणाली, "ताई, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं." बाहेर आल्यावर तिनं आलेख समजावला. ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज २५ डेसिबलपर्यंतचा असेल तर ठीक धरतात, आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. माझा उजवा कान १५ वर, डावा ३५ ते ४०. पण कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून घेतलेली डावीकडची रेघ १० वरच होती. या दोन रेघांमधली फट म्हणजेच पाणी, असं ती म्हणाली. मग टिम्पॅनोमेट्री, हिला कोणी इम्पिडन्सही म्हणतात. कानात रबरी बोंडी घट्ट बसवतात, एक घुंघुं आवाज सोडतात आणि हवेचा दाब कमीजास्त करतात. पडदा नीट हलत असेल तर कागदावर मधोमध टोकदार शिखर उमटतं. उजव्या कानाचं तसं उमटलं. डाव्याची आडवी रेघ. सरळ, सपाट. याला 'बी' टाइप म्हणतात. पाण्याऐवजी नुसता दाब कमी असता तर शिखर डावीकडे सरकलं असतं, तो 'सी'. मला ती चाचणी फार आवडली. मला काही सांगायचं नाही, बटण दाबायचं नाही, चूकभूल होण्याचा प्रश्न नाही.

"पाण्यावर औषध काय?" मी विचारलं.

"पाण्यावर औषध नाही."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी पर्स बंद करायला लागले होते. पाणी आपलं आपण जातं, नळी उघडायला लागली की. पाण्यासाठी अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कारण हा पू नाही. औषध द्यायचं ते नाकाला, कारण नाकाची अ‍ॅलर्जी समोर दिसतेय. नाक शांत झालं तर नळीला उघडायला वाव मिळेल, हमी नाही. संशोधनही इतकंच सांगतं, असं त्या म्हणाल्या. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसांच्या नाकात मुद्दाम परागकण सोडून केलेल्या प्रयोगांत नळी बंद पडताना दिसली आहे, पण तेवढ्यानं कानात पाणी झालेलं दिसलं नाही. म्हणजे अ‍ॅलर्जी एकटी पुरत नसावी. वर सर्दीचा विषाणू, वाकडं हाड, जन्मजात अरुंद नळी असं काहीतरी लागत असावं. माझ्या बाबतीत नाकाचा डावीकडे वाकलेला पडदा होताच. मला हे उत्तर आवडलं. 'शंभर टक्के बरं करतो' म्हणणाऱ्यांच्या पाट्या पुण्यात कमी नाहीत.

औषध म्हणजे स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा. स्टिरॉइड म्हटल्यावर घरी खल झालाच. सासूबाईंच्या माहेरच्या कोणाचं तरी तोंड गोळ्यांनी सुजलं होतं. पण गोळीचा हिशेब मिलिग्रॅममध्ये असतो, या फवाऱ्याचा मायक्रोग्रॅममध्ये. एका दाबाला ५०, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन, दिवसाला २००, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. आणि त्यातलंही रक्तात जातं ते अगदी थोडं. रोखपालाला पटवायला आकडेच लागतात.

फवारा मारायचा कसा, हे मात्र नर्सनं मला समोर बसवून करून घेतलं, आणि माझ्या मते सगळ्या उपचारात मोलाचं काही असेल तर हेच. आधी कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, पाणी उकळून निवलेलं. बाटली हलवायची. मान मागे टाकायची नाही, किंचित खाली. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. त्यामुळे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर तिथली त्वचा कोरडी पडून रक्त येतं. दाबताना हळू श्वास. जोरात ओढलं की औषध घशात, चव लागली की समजायचं वाया गेलं. "नाक वर ओढायची सवय आहे का?" तिनं विचारलं. आहे. ती सोडायची, कारण जोरात वर ओढताना नाकामागची हवा खेचली जाते आणि तिच्याबरोबर कानातलीही. शिंकरायचं तेही एकेक नाकपुडी, हलकेच. आणि नाक उघडणारे दुकानातले ड्रॉप्स आठवड्याच्या वर अजिबात नाहीत, नाहीतर ते बंद केले की नाक दुप्पट चोंदतं. सोबत पेंग न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी दिली.

फवाऱ्याचा गुण यायला वेळ लागतो. नाकाला आठवडाभरात बरं वाटायला लागलं. सकाळच्या शिंका कमी झाल्या, रात्री तोंड मिटून झोप लागायला लागली. कान ढिम्म. हा मधला काळ माणसाची परीक्षा पाहणारा आहे. औषध चालूय, नाक सुधारलंय, आणि आकडे अजून दोनदा विचारावे लागताहेत. शेजारपाजारचे सल्ले याच काळात जोर धरतात. एका ग्राहकानं रस्त्यावरच्या कान साफ करणाऱ्याचं नाव सुचवलं, 'हात हलका आहे' म्हणून. मी दिवसातून काही वेळा नाक धरून, तोंड मिटून, कानाकडे हळूच हवा फुंकायचे. हा उपाय वाल्साल्वा नावाच्या इटालियन वैद्याच्या नावानं ओळखला जातो, १७०४ च्या त्याच्या कानावरच्या ग्रंथात तो आहे. जोर करायचा नाही, आणि नाक वाहत असेल तेव्हा तर नाहीच. बरेच दिवस काही घडलं नाही. मग एकदा आत बारीक चुरचुर झाली, बुडबुडे फुटल्यासारखी. पुढे ती चुरचुर आवंढ्यासरशी यायला लागली. मान एका बाजूला कलती केली की ऐकू येणं किंचित बदलायचं, पाणी हललं की तसं होतं. आणि एका सकाळी ऑफिसात नोटा मोजायचं यंत्र सुरू केलं तर ते एवढं कर्कश आहे हे मला नव्यानं कळलं. मी ते बंद करून काय बिघडलं म्हणून उघडून पाहिलं.

पुढच्या आलेखात सपाट रेघेच्या जागी शिखर होतं, पण डावीकडे सरकलेलं. 'बी'चा 'सी' झाला होता: पाणी गेलं, दाब अजून कमी. त्याच्या पुढच्या खेपेला शिखर मधोमध आलं, ऐकण्याच्या दोन रेघांमधली फट मिटली. तोवर थंडी सरून उन्हाळा आला होता.

अ‍ॅलर्जीची तपासणी डॉक्टरांनी कान सुधारल्यावर करवली. आधी आठवडाभर गोळी बंद, फवारा चालू ठेवला तरी चालतो. हातावर पेनानं खुणा, प्रत्येकीपाशी एकेक अर्काचा थेंब, आणि थेंबातून टाचणीएवढी टोच. रक्त नाही. एक थेंब नुसत्या सलाइनचा आणि एक हिस्टामिनचा, तुलनेसाठी. पंधरा-वीस मिनिटं खाजवायचं नाही हीच शिक्षा. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटरनं मोठी गांधी उठली तर ती गोष्ट तुम्हाला चालत नाही असं धरतात. धुळीतल्या किड्यांची माझी गांधी हिस्टामिनच्याही वर गेली. त्याखालोखाल गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत. हे १९५० च्या दशकात पुण्यातच नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं. माझ्या ऑफिसच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर ते छातीएवढं वाढतं. झुरळ नाही, मांजर नाही. मांजर नाही याचं मुलाला फार बरं वाटलं, त्याला पाळायचंय.

धुळीतले हे किडे ०.३ मिलिमीटरचे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेल्या कोंड्यावर जगतात, आणि त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषतात, म्हणून पावसाळ्यात त्यांची चंगळ. दिवाळीला आपण गाद्या झटकतो तेव्हा ती सगळी पुंजी एकदम हवेत उडते. आता चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडक पाण्यात, ५५-६० अंशांवर धुतले जातात. उशीला आणि गादीला चेन लावलेली घट्ट विणीची खोळ आहे. पलंगाखालचा जुन्या गोधड्यांचा गठ्ठा हलवला, तो हलवताना वाद झाला. फरशी झाडण्याऐवजी ओलं पुसणं. हवा शुद्ध करायचं महागडं यंत्र दोघातिघांनी सुचवलं. डॉक्टर म्हणाल्या, किडे गादीत असतात, हवेत तरंगत बसत नाहीत, आधी खोळी घ्या. इम्युनोथेरपीचाही विषय निघाला: ज्या गोष्टीचं वावडं तिचेच वाढते डोस, इंजेक्शनानं किंवा जिभेखाली, तीन ते पाच वर्षं. एवढ्यात नको असं आम्ही दोघींनी ठरवलं. फवाऱ्यावर भागत असेल तर भागू द्यावं.

या सगळ्यात बहिणीच्या मुलाकडे माझं लक्ष गेलं. पहिलीत आहे. तळहातानं नाक खालून वर चोळायची त्याला सवय, इतकी की नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी सुरकुती पडलीय. डोळ्यांखाली काळसर छटा, तोंड उघडं, टीव्हीचा आवाज मोठा. शाळेतून 'लक्ष देत नाही' अशी चिठ्ठी आलेली, आणि बहीण त्याला ओरडायची. मी म्हटलं, "आधी त्याचा कान तपासून घे, मग ओरड." दोन्ही कानांच्या रेघा सपाट निघाल्या. लहान मुलांची नळी आखूड असते आणि जवळजवळ आडवी, शिवाय नाकामागे अ‍ॅडेनॉइड नावाची टॉन्सिलसारखी गाठ मोठी असते, म्हणून त्यांना हे फार सहज होतं. बहिणीला लगेच ऑपरेशन करून ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी, घालून टाकावी असं वाटत होतं. डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं, कारण बऱ्याच मुलांचं पाणी तेवढ्यात आपोआप जातं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात, आणि नुसत्या पाण्यासाठी स्टिरॉइड, अँटिबायोटिक, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या देऊ नका असंही. नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी त्याचा फवारा वेगळा चालू आहे.

शिवाय एक फुगा दिलाय. नाकपुडीला बोंडी लावायची, दुसरी दाबून धरायची आणि नाकानं फुगा फुगवायचा, म्हणजे नळीत हवा शिरते. २०१५ साली ब्रिटनमध्ये ३२० मुलांवर याची चाचणी झाली. तीन महिन्यांनी फुगा फुगवणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा निदान एक कान सुधारला, न फुगवणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांचा. फरक मोठा नाही, पण खर्चही नाही आणि पोराला खेळ मिळाला. वर्गशिक्षिकेनं त्याला पहिल्या बाकावर घेतलंय, बोलताना त्याच्याकडे तोंड करतात. बहीण आता हाक मारायच्या आधी त्याच्या समोर जाऊन उभी राहते. त्याचा पुढचा आलेख गौरी-गणपतीच्या आधी आहे, तोवर ग्रोमेटचा विषय काढायचा नाही असं आमचं ठरलंय.